सोशल वर्कर मॅडमना आमच्या घरात ताट कोण वाढतं हे कशाला हवंय?

कृष्णाकाठची

नमस्कार, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, २६ वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं एमआयडीसीत कामाला होता. मागच्या दिवाळीच्या आधीपासून त्याची झोप उडाली, रात्रभर गच्चीवर फेऱ्या मारायचा, शेजारचे माझ्याबद्दल बोलतात म्हणायचा, मग कामावर जाणंच बंद. आमच्याकडे जे होतं तेच झालं, बाहेरचं असेल म्हणून आधी देवऋषी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अमावस्येला नारळ, त्यात चार महिने गेले. शेवटी मी पुण्याहून रजा टाकून आले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ॲडमिट केलं. २२ दिवस होता. स्किझोफ्रेनिया म्हणाले. गोळ्यांनी खूप फरक पडला, घरी आल्यावर दोन अडीच महिने अगदी पूर्वीसारखा, मला फोन करून आयपीएलचा स्कोअर सांगायचा. आणि मग परत सुरू. आता नवीन काय तर घरचं जेवायचंच नाही. म्हणतो तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घालता. स्टँडवर जाऊन वडापाव खाईल पण आईच्या हातची भाकरी नको. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि डोस वाढवला.

तर मुद्दा असा की त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले खाली सात नंबरला सोशल वर्कर मॅडम बसतात त्यांना भेटून जा. मला वाटलं पिवळ्या रेशन कार्डाचं काहीतरी असेल. तर त्या बाईंनी पाऊण तास बसवून घेतलं. घरात कोण कोण, जमीन किती, सोसायटीचं कर्ज किती, बाबा घेतात का आणि घेतल्यावर काय करतात, भावाला वेगळी खोली आहे का, तो दिवसभर कुठे बसतो, लग्नाचं बोलणं चाललं होतं का. मग म्हणे स्वयंपाक कोण करतं, ताट कोण वाढतं, गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात. इथे आई उठलीच. चल गं, हिला आमच्या घरातल्या भानगडी कशाला पायजेत म्हणाली आणि सरळ बाहेर. आता त्या मॅडमचा फोन आलाय की एकदा घरी येऊन जाते. आई म्हणते गल्लीत शोभा नको.

या बाई नेमकं काय करतात? औषध डॉक्टर देणार, बोलून बरं करायचं असेल तर सायकॉलॉजिस्ट असतो ना, मग मधे ह्या कोण? आणि घरी येऊ द्यावं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

रोखठोक

ताई स्पष्ट बोलतो. हे सरकारी दवाखान्यातलं फॉर्म भरायचं काम असतं, वरून कुणीतरी रिपोर्ट मागतं म्हणून हे लोक प्रश्न विचारतात. समाजसेवा करणारे आमच्या वॉर्डात पण ढीगभर आहेत, प्रत्येकाचा एकेक फ्लेक्स. मेंदूचा आजार आहे, केमिकलचा लोचा आहे, चांगला प्रायव्हेट सायकियाट्रिस्ट बघा आणि औषध नीट चालू ठेवा. घरी वगैरे कुणाला आणू नका, उद्या मुलाचं लग्न जमवायचंय.

नौपाड्याचे_काका

कृष्णाकाठची ताई, माझी मुलगी आज ३४ वर्षांची आहे, आजार १९ व्या वर्षी सुरू झाला, म्हणजे १५ वर्षं आम्ही दोघं नवराबायको ह्यातच आहोत. रोखठोकसाहेब म्हणतात ते मीही म्हणत होतो म्हणून रागावत नाही. पहिली सात वर्षं फक्त औषध एके औषध केलं. चार डॉक्टर बदलले. मुलगी भ्रमातून बाहेर आली पण दिवसभर पलंगावर, आंघोळ सांगितल्याशिवाय नाही, आणि आम्ही घरात कुजबुजत बोलायचो जशी काही ती लहान बाळ झोपलीय.

मग एका ठिकाणी सोशल वर्कर भेटली, वयाने माझ्या मुलीएवढीच असेल. तिने मुलीशी कमी आणि आमच्याशी जास्त बोलणं केलं. माझ्या बायकोला विचारलं, तुम्ही शेवटचं माहेरी कधी गेलात. बायको रडायलाच लागली, कारण सहा वर्षं गेलीच नव्हती. मला विचारलं तुमच्यानंतर हिचं कोण बघणार, हे कागदावर आहे का. नव्हतं. एकाही डॉक्टरने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यांची चूक नाही, त्यांच्याकडे बाहेर ६० माणसं बसलेली असतात.

त्यानंतरचं सगळं तिच्या मागे लागण्यामुळे झालं. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतो हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं ते फक्त हातापायाला. त्यासाठी आयडियाज नावाची एक मोजपट्टी असते, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं समजणं आणि काम ह्या चार गोष्टींत माणूस किती अडतो ते बघतात, शिवाय आजार किती वर्षांचा ते धरतात, आणि ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं तर पुढचे फायदे. एक सांगून ठेवतो, कुणीतरी तुम्हाला निरामय विमा घ्या म्हणून सांगेल, तो स्किझोफ्रेनियाला लागू नाही, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग ह्यांच्यासाठी आहे. आम्ही दोन चकरा फुकट मारल्या. पण संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला करता येतो, उत्पन्नाची अट आहे.

मुलगी आता एका डे केअरला जाते, तिथे पणत्या रंगवतात, दिवाळीत विकतात. बरी झाली का विचाराल तर नाही. पण मागच्या महिन्यात एकटी रिक्षाने घरी आली आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडून आली. आम्ही त्या दिवशी श्रीखंड आणलं.

वॉर्ड_नंबर_तीन

काका, श्रीखंडाचं वाचून बरं वाटलं.

ताई, मी हेच काम करते, १४ वर्षं झाली, कुठे ते सांगत नाही. आधी कोण ते सांगते कारण अर्धा घोळ नावातच आहे. मराठीत सोशल वर्कर म्हटलं की लोकांना समाजसेवक आठवतो आणि समाजसेवक म्हटलं की फ्लेक्स. आम्ही सायकियाट्रिक सोशल वर्कर, दवाखान्यात पीएसडब्ल्यू म्हणतात. आधी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, दोन वर्षं, आणि त्यावर दोन वर्षांचं एम.फिल., ते पूर्ण वेळ वॉर्डात राबून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आमची व्याख्या हीच आहे. हा धंदा नवीन पण नाही बरं का, १९३६ साली मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, आजची टिस, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं, तिथून आपल्याकडे हे काम सुरू झालं. म्हणजे आपल्या बहुतेक मानसोपचाराच्या औषधांपेक्षा आम्ही जुने. (हे मी आमच्या डॉक्टरांना चिडवायला नेहमी सांगते.)

आता काय करतो ते. एकच पेशंट घ्या. त्याला आवाज ऐकू येतात. डॉक्टर निदान करणार, औषध ठरवणार, साइड इफेक्ट बघणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेणार, थेरपी करणार, आवाज आला की काय करायचं हे त्याला शिकवणार. मी बघणार की हा माणूस सोमवारी डिस्चार्ज झाल्यावर मंगळवारी सकाळी कुठे उठणार आहे. कुणाच्या घरात, कुणाच्या टोमण्यात, खिशात गोळीचे पैसे आहेत का, गोळी घेऊन झापड येते तर पहाटेच्या शिफ्टला कसा जाणार. थेरपी आम्हीही करतो, कुटुंबाची, ग्रुपची, व्यसनाची, त्यामुळे सीमारेषा काही अगदी कुंपण घातल्यासारखी नसते आणि त्यावरून आमची सायकॉलॉजिस्ट लोकांशी प्रेमाची भांडणंही होतात.

तुम्हाला भानगडी वाटल्या ते प्रश्न आता एकेक करून बघा. कर्ज का विचारलं, तर महिन्याच्या शेवटी पैसे नसले की बंद होणारी पहिली गोष्ट ही गोळी असते, कारण पेशंट बरा दिसत असतो. बाबा घेतात का, तर रात्री घरात आरडाओरडा असेल तर ह्या आजाराच्या माणसाला तो झेपत नाही. ह्यावर फार जुनं काम आहे, १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन म्हणून होते, त्यांनी दवाखान्यातून सुटलेल्या पेशंटचा माग काढला, तर जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले त्यांच्यात परत ॲडमिट होणारे जास्त निघाले, आणि जे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेले ते त्यामानाने टिकले. लोकांना आधी पटेना. मग पुढे कळत गेलं की सतत टोचून बोलणं, चीड, आणि तिसरं म्हणजे अति काळजी, हातात घास भरवणं, ह्याने आजार परत उसळतो. लक्षात घ्या, घरच्यांमुळे आजार होतो असं कुणी म्हणत नाहीये, ते म्हणणं चुकीचं आहे आणि त्याने आयांना फार छळलंय. पण आजार झाल्यावर घर कसं वागतं त्याने फरक पडतो, आणि घर बदलता येतं, तेच आमचं औषध.

घरी येण्याबद्दल. तुम्ही नाही म्हणू शकता, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. आणि तुम्ही बोलाल ते गुप्त ठेवायचं बंधन कायद्यानेच आहे. पण आम्ही घरी का जातो सांगू का, ओपीडीत माणसं जे सांगतात ते खरंच असतं पण अर्धं असतं. एका घरी मला सांगितलं होतं की पेशंटला स्वतंत्र खोली आहे. गेले तर ती खोली म्हणजे गुरांच्या गोठ्याला लागून आणि कडी बाहेरून. गल्लीची भीती असेल तर मॅडमना तसं स्पष्ट सांगा, आम्ही दवाखान्याच्या गाडीने न येता एसटीने येतो, ओळखपत्र पर्समध्ये, विचारलं तर पुण्याच्या ताईच्या ऑफिसातली मैत्रीण. मी आजवर बचत गटाची बाई, एलआयसीवाली आणि एकदा मुलीकडची पाहुणी म्हणून घरात शिरलेय, त्या वेळी पोहे झाले, चहा झाला, आणि शेजारीण विचारून गेली मुलगी काय शिकलीय.

आणि एक. आई नेमकी शेवटच्या प्रश्नावर उठल्या. मी इथे बसून अंदाज बांधणार नाही, पण त्या मॅडमच्याही ते लक्षात आलं असणार. तुम्ही आईशी एकटीनेच, भाऊ आणि बाबा नसताना, चूल आवरताना वगैरे, सहज बोलून बघा. रागावून नको.

प्रॅक्टिकल_बोला

वॉर्ड नंबर तीन मॅडमचं सगळं मान्य पण हे चित्र फार गुळगुळीत झालं. माझ्या भावजयीच्या वेळचा अनुभव सांगतो, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. सोशल वर्कर एकच, तिच्याकडे सगळ्या वॉर्डांच्या बिल माफीच्या फायली, बेवारस पेशंट, पोलिसांचे कागद. आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा मॅडम मीटिंगला. चौथ्यांदा भेटल्या तेव्हा डोळे वर न करता आधारची झेरॉक्स मागितली. त्यांचा तरी काय दोष, पण कुटुंबाची थेरपी वगैरे आमच्या वाट्याला आली नाही.

निमहान्स म्हणजे बंगळुरूची मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था, त्यांच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं आलंय. आणि त्या सर्व्हेतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, म्हणजे आपलं आपल्याला माहीतच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक टीममध्ये डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी पदं कागदावर आहेत. भरलेली किती आणि कंत्राटी किती ते आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारा. शिवाय आता एम.फिल.च बंद करतायत ना नव्या शैक्षणिक धोरणात? मग ही दोन वर्षं वॉर्डात राबलेली माणसं येणार कुठून? साधा एमएसडब्ल्यू केलेला मुलगा काउन्सेलर म्हणून कंत्राटावर बसवणार, झालं.

वॉर्ड_नंबर_तीन

प्रॅक्टिकल दादा, गुळगुळीत लिहिलं असेल तर माफ करा, चांगला दिवस होता. तुम्ही सांगितलेली ती डोळे वर न करणारी बाई मी पण असते, मंगळवारी हमखास. बिल माफीच्या फायली हा आमच्या कामाचा भाग आहेच पण तो एवढा फुगतो की बाकीचं त्याखाली चेंगरतं.

एम.फिल.चं बरोबर आहे, धोरणात एम.फिल. काढून टाकलं, मग आरडाओरडा झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क ह्या दोन विषयांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. गंमत अशी की २०१७ चा कायदा म्हणतो एम.फिल. हवं आणि धोरण म्हणतं एम.फिल. नको. २०२१ चा अलाइड हेल्थचा कायदा आलाय त्यात सोशल वर्कर धरलेत, त्यातून नोंदणीची घडी बसली तर बरं, कारण आज कुणीही पाटी लावू शकतो.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत आहे, मूळची नागपूरची. इथे एलसीएसडब्ल्यू म्हणजे लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते म्हणून दोन शब्द. अमेरिकेत मानसिक आरोग्यात सर्वात जास्त संख्येने आम्हीच आहोत, सायकियाट्रिस्टपेक्षा कितीतरी जास्त. एमएसडब्ल्यू झालं की लगेच स्वतंत्र काम नाही करता येत, सुपरविजनखाली तास भरावे लागतात, राज्यागणिक बदलतं पण बऱ्याच ठिकाणी ३००० च्या आसपास, मग परीक्षा. त्यानंतर निदान करता येतं, थेरपी करता येते, इन्शुरन्सला बिल लावता येतं. गोळी लिहिता येत नाही.

पण खरं सांगू, वॉर्ड नंबर तीन मॅडमचं वाचून मला थोडा हेवा वाटला. इथे लायसन्स मिळालं की बहुतेक जण खोलीत सोफा टाकून ५० मिनिटांच्या थेरपीत शिरतात, मी पण शिरले, पैसे त्यात आहेत. कुणाच्या घरी जाऊन पोहे खाऊन मी आठ वर्षांत एकही केस केलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या आपल्याकडच्या बायका मात्र पहिल्याच सेशनला विचारतात, तुमचं आडनाव काय, इथल्या महाराष्ट्र मंडळात तुमची ओळख आहे का, म्हणजे गल्ली इथेही आलीच.

रोखठोक

काका आणि मॅडम, माझं थोडं जास्तच झालं होतं. पण एक शंका आहे. औषध घेतच नसेल माणूस तर हे सगळं घर बदलणं वगैरे काय कामाचं? आमच्या नात्यात एक जण आहे, आजारच मान्य नाही त्याला. त्याला सोशल वर्कर काय समजावणार?

वॉर्ड_नंबर_तीन

समजावत नाही. तुला आजार आहे हे पटवायला गेलं की दार बंद होतं. त्याला स्वतःला काय त्रास होतोय ते शोधायचं. झोप नाही, नोकरी गेली, बायको माहेरी, काहीतरी असतंच जे त्याला हवंय. तिथून सुरुवात. एका माणसाला मी कधीच स्किझोफ्रेनिया म्हटलं नाही, तो म्हणायचा शेजाऱ्याने मशीन लावलंय, मी म्हटलं बरं, पण मशीनमुळे तुमची झोप जाते ना, झोपेचं बघूया. झोपेची म्हणून त्याने गोळी घेतली. आधी डॉक्टरांशी बोलून, आणि गोळीचं नाव, ती कशासाठी, सगळं त्याला खरं सांगून. फसवून नाही. अगदीच हाताबाहेर गेलं, जिवाला धोका असेल, तर त्याच्या संमतीशिवाय ॲडमिट करायची तरतूद कायद्यात आहे, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या, बहुतेकदा घरच्याच माणसाच्या अर्जावर, पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस, आणि ते मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पूर्वीसारखं हातपाय बांधून जीपमध्ये टाकून यरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी करायचे दिवस गेले, निदान कागदावर तरी. रात्री अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, मराठीत बोलता येतं.

कर्जतला श्रद्धा म्हणून संस्था आहे, डॉ. भरत वाटवानींची, त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. रस्त्यावर फिरणारे मनोरुग्ण ते आणतात, बरे करतात आणि सोशल वर्कर त्यांना रेल्वेने घरी पोचवायला जातात, पार बिहार, बंगाल कुठेही. पेशंटला धड पत्ता आठवत नसतो, एखाद्या नदीचं, बाजाराचं नाव आठवतं, बोलीवरून भाग ओळखायचा, नकाशा काढायचा, पोलीस ठाण्याला फोन लावायचा. आणि दारात पोचल्यावर घरच्यांना सांगायचं की हा घर सोडून गेला होता तो गोळी बंद झाली म्हणून. ते दारातलं अर्ध्या तासाचं बोलणं नीट झालं नाही तर माणूस परत रस्त्यावर. कुणी मला विचारलं ना तुझं काम काय, की मी हेच सांगते.

कृष्णाकाठची

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार. लिहायला जड जातंय पण तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून सांगते.

शनिवारी गावी आले. रात्री भांडी घासताना आईला नुसतं विचारलं, आई, त्या बाई गोळ्यांचं विचारत होत्या तेव्हा तू का उठलीस गं. आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, तो मार्चएण्डला गोळी नको म्हणायला लागला, थुंकून टाकायचा, शेजारच्या मेडिकलवाल्याने सांगितलं कुटून द्या, कळत नाही. तर आई एप्रिलपासून गोळी कुटून वरणात घालत होती. कधी ताकात. बाबांनाही माहीत नव्हतं. आणि एके दिवशी ताकाच्या तळाशी त्याला पांढरा गाळ दिसला.

म्हणजे तो खरं बोलत होता. आम्ही सगळे, मी धरून, त्याला तीन महिने समजावत होतो की असं काही नाही रे, हा तुझा आजार बोलतोय. तो माझ्या अंगावर ओरडला होता की तायडे तू पण त्यांच्यातलीच, आणि मी डॉक्टरांना ते लक्षण म्हणून सांगितलं.

त्या मॅडमना मीच फोन केला. सोमवारी आल्या, एसटीनेच, साधी सुती साडी, गल्लीत कुणी ढुंकून पाहिलं नाही. आई त्यांच्यासमोर थरथरत होती, तिला वाटलं पोलीस केस होते. त्या आईला रागावल्या नाहीत. म्हणाल्या माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया हेच करतात, पोर वाचवायला करतात, पण आता त्याला सांगावं लागेल. आईला जमेना म्हणून मी सांगितलं, त्या शेजारी बसल्या होत्या. भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला मला माहीत होतं. उठून गच्चीवर गेला. मी मागे निघाले तर मॅडमनी हात धरला, राहू दे म्हणाल्या.

अजून आईशी बोलत नाही. घरात खायला लागलाय पण स्वतः घेऊन, मॅडमनी सांगितलं काही दिवस सालीच्या वस्तू ठेवा, केळी, उकडलेली अंडी, शेंगा, आणि भात भाजी एकाच भांड्यातून सगळ्यांनी त्याच्या समोर वाढून घ्यायची. गोळी तो स्वतःच्या हाताने घेणार, पाकीट त्याच्याकडे, रोज सकाळी कॅलेंडरवर फुली मारायची. पाच फुल्या झाल्यात, एक दिवस मारली नाही. गोळी का नको होती तेही त्यांनीच विचारलं, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला मांड्यांत कसंतरी होतं, एका जागी बसवत नाही, म्हणून फेऱ्या मारतो. आम्हाला वाटायचं फेऱ्या आजाराच्या आहेत.

बाबांच्या पिण्याचं काढलं तर बाबा उठून शेतात गेले. ते राहिलंच.

काका, प्रमाणपत्राचं आता लगेच करावं का? आणि वॉर्ड नंबर तीन ताई, मी अजून काय करू?

नौपाड्याचे_काका

घाई नको बाळा. वर्ष सुद्धा झालं नाही अजून, डॉक्टरांना विचार, एवढ्यात देतीलच असं नाही. पण केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेनुसार लाव, आमचे पहिले दोन वर्षांचे कागद उंदरांनी खाल्ले. आईला एक दिवस तुझ्याकडे पुण्याला घेऊन जा.

वॉर्ड_नंबर_तीन

ताई, एक गोष्ट आधी. डॉक्टरांनी डोस वाढवला होता तो जेवणात काहीतरी घालतात ह्या तक्रारीवर, आणि ती तक्रार खरी निघाली. शिवाय वरणातून, ताकातून नक्की किती गोळी पोटात जात होती कुणाला माहीत, आणि मांड्यांचं तो सांगतोय ते ह्या औषधांचा एक ओळखीचा साइड इफेक्ट असू शकतो, त्यावर उपाय असतो, औषध बदलता येतं, महिन्याचं इंजेक्शनही असतं, त्याला हवं असेल तर. हे तिन्ही डॉक्टरांना सांगायचं. तुमच्या मनाने गोळी कमी करू नका, बंद तर अजिबात नको. आणि भावालाच बोलू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

ओपीडी कधी आहे?

कृष्णाकाठची

गुरुवारी. मॅडम म्हणाल्यात साडेनऊला सात नंबरला या, त्या सोबत वर येतील. भावाला विचारलं येशील का, तर म्हणाला आई नको, तू चल.